कॅमेरा नेमका किती सरकवायचा?

स्टिरिओ फोटोग्राफीकडे (म्हणजे थोड्या वेगळ्या जागांवरून एकाच दृश्याचे दोन फोटो काढायचे आणि एकेक डोळ्याला एकेक दाखवून खोली उभी करायची) नव्याने वळलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, की दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा किती बाजूला सरकवायचा, आणि त्याला ठरलेलं उत्तर मिळतं, साडेसहा सेंटिमीटर, कारण माणसाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं. उत्तर चुकीचं नाहीये. पण फार अपुरं आहे, आणि या अपुऱ्या उत्तराच्या जोरावर लोक समोरच्या डोंगररांगेचे दोन फोटो काढतात, जोडून बघतात, काहीच वेगळं दिसत नाही म्हणून सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण यात जे बघायला मिळतं ते साध्या फोटोत कधीच मिळत नाही. म्हणून आज याच एका प्रश्नावर जरा ऐसपैस लिहितेय.

आधी मुळाशी जाऊ. एक बोट हातभर अंतरावर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतं. बोट नाकाजवळ आणलं की उडी मोठी होते, लांब नेलं की छोटी. हाच पॅरलॅक्स. दोन्ही डोळे उघडे असताना आपल्याला उडीही दिसत नाही आणि दोन बोटंही दिसत नाहीत (म्हणजे बोटाकडेच बघत असाल तर), मेंदू त्या फरकाचं थेट अंतरात रूपांतर करून टाकतो आणि आपल्याला फक्त 'बोट जवळ, भिंत लांब' एवढंच जाणवतं.

खोली कळायला एक डोळा पुरत नाही असं अजिबात नाही हं. जवळची वस्तू लांबच्या वस्तूला झाकते, रस्ता लांब जाताना निमुळता होतो, लांबचे डोंगर फिकट निळे पडतात, सावल्या असतात, आणि आपण हललो की जवळच्या गोष्टी भराभर सरकतात आणि लांबच्या सावकाश. टोळ उडी मारायच्या आधी डोकं डावी-उजवीकडे हलवून अंतराचा अंदाज घेतो तो याच शेवटच्या युक्तीने. एवढ्या सगळ्या खुणा असताना दोन डोळ्यांमधल्या फरकाचं वेगळं काम आहे हे सिद्ध कसं करणार? इंग्लिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टनने ते १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे केलं. त्याने दोन आरसे काटकोनात लावून एक उपकरण केलं, डाव्या डोळ्याला एक चित्र, उजव्याला दुसरं, आणि चित्रं मुद्दाम नुसत्या रेघांची ठेवली, ना शेडिंग ना रंग, कारण तसं काही असतं तर लोक म्हणाले असते की परिणाम त्याचाच आहे. नुसत्या रेघांमधून घन आकार समोर उभा राहिला. लक्षात घ्या, फोटोग्राफी जगासमोर जाहीर झाली ती १८३९ मध्ये, म्हणजे स्टिरिओ हा फोटोपेक्षा आधीचा आहे!

मग १९६० च्या सुमाराला अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत बेला युलेस या शास्त्रज्ञाने याच्याही पुढची पायरी गाठली. त्याने कॉम्प्युटरवर नुसते विस्कळीत ठिपके छापले, दोन चित्रं, दोन्ही सारखीच, फक्त एका चित्रात मधला चौकोनी तुकडा थोडासा बाजूला सरकवलेला. एका डोळ्याने बघा, नुसती ठिपक्यांची गर्दी, चौकोन कुठेच नाही. दोन्ही चित्रं एकत्र बघितली की चौकोन हवेत तरंगतो. रेघासुद्धा नाहीत, वस्तूही नाही, फक्त फरक, आणि मेंदूला तेवढा पुरतो. स्टिरिओत आपण जे विकत घेतो ते हे, दोन फोटोंमधला फरक, आणि तो किती ठेवायचा हे कॅमेरा सरकवण्यावर ठरतं. या सरकवण्याला बेसलाइन म्हणतात, मी पण तोच शब्द वापरते.

आता डोंगर का फसतो ते बघा. चांगली नजर असलेल्या माणसाला दोन डोळ्यांमधला साधारण १० आर्कसेकंदांचा फरकसुद्धा कळतो (एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातले १०, म्हणजे किती बारीक ते बघा). साडेसहा सेंटिमीटर बेसलाइन धरून गणित केलं तर एक मीटर अंतरावर मिलिमीटरपेक्षाही कमी पुढे-मागे असलेलं कळतं. दहा मीटरवर तीच नजर सात-आठ सेंटिमीटरपर्यंत येते. शंभर मीटरवर सात-आठ मीटर. अंतर दहापट झालं की अचूकपणा शंभरपट घसरतो, कारण अंतराचा वर्ग येतो मध्ये. मग तीन किलोमीटरवरच्या डोंगरांमध्ये कोणता पुढे आणि कोणता मागे हे आपले डोळे पॅरलॅक्सने सांगूच शकत नाहीत, प्रत्यक्ष तिथे उभं राहिलं तरी नाही, आपल्याला ते धुक्यावरून आणि झाकाझाकीवरून कळत असतं. कॅमेऱ्याला तेवढीच बेसलाइन दिली तर तो बिचारा वेगळं काय आणणार!

म्हणून बेसलाइन डोळ्यांवरून ठरवायची नाही, फ्रेममधल्या सगळ्यात जवळच्या वस्तूवरून ठरवायची. जुन्या स्टिरिओवाल्यांचा नियम आहे, जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग. जवळचं झुडूप तीन मीटरवर असेल तर १० सेंटिमीटर. टेबलावरची फुलदाणी ६० सेंटिमीटरवर असेल तर २ सेंटिमीटर. साडेसहा सेंटिमीटरला तिसाने गुणलं तर जवळपास २ मीटर येतात, म्हणजे ते प्रसिद्ध डोळ्याइतकं अंतर बरोबर बसतं ते जवळची वस्तू साधारण दोन मीटरवर असेल तेव्हाच! दोन लेन्सचे तयार स्टिरिओ कॅमेरे यामुळेच माणसांच्या घोळक्याला, खोलीला, अंगणाला छान चालतात, कारण लेन्समधलं अंतर फिक्स असतं. १९४७ मध्ये आलेल्या स्टिरिओ रिअलिस्टमध्ये ते ७० मिलिमीटर होतं, २०१० च्या फुजीफिल्म डब्ल्यू-३ मध्ये ७५. तोच कॅमेरा घेऊन तुम्ही फुलावरच्या मधमाशीजवळ गेलात की फरक इतका मोठा होतो की डोळे दोन चित्रं एकत्र आणूच शकत नाहीत, नुसतं दुखायला लागतं.

पण हा तिसावा भागसुद्धा डोळे झाकून लावायचा नाही, कारण त्यात एक गृहीत आहे, की मागचं टोक एकदम लांब आहे, आकाश, क्षितिज, काहीतरी. खरा हिशोब जवळच्या आणि लांबच्या टोकातल्या फरकाचा असतो. समजा जवळची वस्तू एक मीटरवर आहे आणि मागे दोन मीटरवर भिंत आहे, भिंतीपलीकडचं काही दिसतच नाही, तर बेसलाइन दुप्पट करता येते, ३.३ च्या जागी ६.६ सेंटिमीटर. भिंत दीड मीटरवर असेल तर तिप्पट. आणि लेन्सचाही वाटा आहे यात, फोकल लेंग्थ (म्हणजे झूम) दुप्पट केली की सेन्सरवरचा फरकही दुप्पट होतो, त्यामुळे टेलीने, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने, काढताना तिसाव्याऐवजी साठावा किंवा त्याहून लहान भाग घ्या, आणि फोनच्या वाइड लेन्सने काढत असाल तर थोडं सैल सोडलं तरी चालतं. टेलीची अजून एक खोड आहे, लांबची माणसं कमी बेसलाइनने काढली की प्रत्येक माणूस सपाट पुठ्ठ्यातून कापल्यासारखा दिसतो, एक पुठ्ठा पुढे, एक मागे, पण नाक आणि कान एकाच पातळीवर. कारण माणसामाणसात फरक नोंदला गेलाय पण एका माणसाच्या आत नोंदण्याइतका नाही. त्याला उपाय एकच, पायी जवळ जा.

आता उलट दिशेने. डोंगर जवळात जवळ तीन किलोमीटरवर असेल तर तिसावा भाग होतो १०० मीटर. एक फोटो काढायचा, १०० मीटर बाजूला चालत जायचं, दुसरा काढायचा. हे पहिल्यांदा जुळवून बघितलं की माणूस गप्प होतो, सपाट पडद्यासारख्या रांगेत अचानक दऱ्या उघडतात, एकामागे एक सात कडे सुटे होतात. फक्त एक आहे, ते सगळं खेळण्यातल्या मॉडेलसारखं छोटं वाटायला लागतं, कारण दोन डोळ्यांमध्ये १०० मीटर अंतर असलेल्या राक्षसाला हा डोंगर दोन मीटरवरच्या वस्तूसारखाच दिसेल आणि आपला मेंदू काही स्वतःला राक्षस समजत नाही, तो डोंगरालाच छोटं करतो. काही जुने जाणते याला फसवणूक म्हणतात. मला नाही पटत. जमिनीची घडण जी डोळ्यांना कधीच दिसू शकत नाही ती दिसते यात, आणि विमानातून एकमेकांवर साधारण ६० टक्के चढणारे फोटो काढून नकाशे बनवतात तेव्हा हेच तर करतात.

विमानाच्या खिडकीतून ढग काढायचे असतील तर चालायलाही लागत नाही, विमानच चालतं. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर, जवळचा ढग १५ किलोमीटरवर असेल तर ५०० मीटर बेसलाइन हवी, म्हणजे दोन फोटोंमध्ये फक्त दोन सेकंद. डाव्या बाजूच्या खिडकीत बसला असाल तर पहिला फोटो डाव्या डोळ्याचा, उजव्या खिडकीत बसला असाल तर पहिला उजव्या डोळ्याचा, हे लिहून ठेवा कारण नंतर हमखास गोंधळ होतो. ढगांचे असे पेअर, म्हणजे फोटोंच्या जोड्या, माझे सगळ्यात आवडते. एरवी ढग म्हणजे पांढरा सपाट रंग, आणि इथे त्यांचे खांब, बोगदे, मधले चौक दिसतात.

आणि याला वरची मर्यादा नाही. चंद्र आपल्याला पृथ्वीवरून किंचित डोलताना दिसतो, कधी डावीकडची कड थोडी जास्त दिसते कधी उजवीकडची, त्यामुळे वेगवेगळ्या महिन्यांत, सावल्या जुळतील अशा एकाच कलेला काढलेले दोन फोटो स्टिरिओ पेअर होतात, आणि वॉरेन डी ला रू या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने १८५० च्या दशकाच्या शेवटीच ते करून दाखवलं, चंद्र चकतीऐवजी चेंडू दिसला. मला मात्र सगळ्यात जास्त आवडतो तो एक योगायोग. ज्या १८३८ साली व्हीटस्टन डोळ्यांच्या पॅरलॅक्सबद्दल सांगत होता त्याच साली जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल ६१ सिग्नी या ताऱ्याचा पॅरलॅक्स जाहीर करत होता, बेसलाइन म्हणून पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा, ३० कोटी किलोमीटर रुंद, आणि तरीही ताऱ्याची उडी एका आर्कसेकंदाच्याही आत. नुसत्या डोळ्यांना तो फरक कधीच दिसला नसता. पण २०२० मध्ये न्यू होरायझन्स यान ६०० कोटी किलोमीटरपेक्षाही लांब पोचल्यावर त्याने प्रॉक्सिमा सेंटॉरी आणि वुल्फ ३५९ यांचे फोटो काढले, तेव्हाच पृथ्वीवरूनही काढले, आणि तारा बाकीच्या ताऱ्यांच्या पुढे तरंगताना माणसांना खरोखर दिसला. दोन फोटो, एक बेसलाइन, युक्ती तीच जी बोटाची होती.

बरं, विषय कोणता निवडायचा. माझं ठाम मत आहे की जे साध्या फोटोत वाईट दिसतं ते स्टिरिओत बघा. काटेरी झुडपाची गिचमिड, पानं गळलेल्या फांद्या, जाळीमागची जाळी, काचेवरचे थेंब आणि काचेपलीकडचा रस्ता. सपाट फोटोत हा सगळा गुंता एकमेकांवर चिकटतो, काय कशाच्या पुढे काही कळत नाही, आणि स्टिरिओत प्रत्येक काडी आपापल्या जागी जाऊन उभी राहते. शांत पाण्यातलं प्रतिबिंब तर बघाच, ते पाण्यावर नसतंच, झाड वर जितकं उंच तितकंच पाण्याच्या पृष्ठभागाखाली खोल असतं आणि पृष्ठभागावरचं तरंगतं पान वेगळं, दोन पातळ्या एकाच जागी. आणि चमक! ओल्या पानावर किंवा धातूवर जो चकाकणारा बिंदू असतो तो डाव्या डोळ्याला एका जागी दिसतो आणि उजव्याला दुसऱ्या जागी, कधी एकाला दिसतो आणि दुसऱ्याला नाहीच, आणि मेंदू या भांडणाचा अर्थ 'हे चकचकीत आहे' असा लावतो. साध्या फोटोत चमक म्हणजे पांढरा डाग असतो, स्टिरिओत ती चमकते.

याच कारणासाठी एका फोटोवरून सॉफ्टवेअरने डेप्थ मॅप (कुठला बिंदू किती लांब याचा अंदाजी नकाशा) काढून बनवलेले थ्रीडी फोटो मला समाधान देत नाहीत. जवळच्या खांबाच्या डावीकडे मागच्या भिंतीची एक पट्टी असते जी फक्त डाव्या डोळ्याला दिसते, उजवीकडे एक पट्टी फक्त उजव्याला. ही पट्टी एकाच फोटोत दोन्हीकडची येऊच शकत नाही, सॉफ्टवेअर ती शेजारचं ताणून किंवा कल्पनेने भरतं. मोकळ्या भिंतीसमोरच्या माणसाला ते खपून जातं. कोळ्याच्या जाळ्याला, केसांना, काचेला, त्या चकाकणाऱ्या बिंदूला नाही खपत, कारण तिथे एका पिक्सेलला एकच अंतर नसतं. दोन जागांवरून बघितलेलं ते बघितलेलं, अंदाज तो अंदाज.

काढायची पद्धत सोपी आहे, साधा फोन पुरतो. पाय थोडे फाकवून उभं राहायचं, वजन डाव्या पायावर टाकून एक फोटो, उजव्या पायावर टाकून दुसरा. कॅमेरा सरकवताना वळवायचा नाही, दोन्ही वेळा समोर सरळच बघायचं, वळवला की एका फोटोत फ्रेमची डावी बाजू उंच होते आणि दुसऱ्यात उजवी, मग कोपऱ्यांत उभा फरक येतो, आणि डोळे आडवा फरक आनंदाने पचवतात पण उभा जराही नाही. थोडा वर-खाली किंवा तिरका झालाच तर स्टिरिओफोटो मेकरसारखा प्रोग्राम सरळ करून देतो. एक्सपोजर आणि फोकस लॉक करा. वारा असेल, माणसं चालत असतील, लाटा असतील तर एका कॅमेऱ्याने जमणार नाही, दोन एकदम दाबावे लागतील, कारण दोन फोटोंमध्ये पान हललं तर मेंदू त्या हलण्यालाच अंतर समजतो आणि पान भलत्याच जागी जाऊन बसतं.

जोडताना खिडकीकडे लक्ष द्या. फोटोची चौकट ही खिडकी आहे आणि दृश्य खिडकीच्या मागे असावं. खऱ्या खिडकीतून बघताना डाव्या डोळ्याला उजवीकडचं थोडं जास्त दिसतं आणि उजव्या डोळ्याला डावीकडचं, तुमच्या पेअरमध्ये तसं आहे का बघा, नसेल तर दोन्ही फोटोंच्या कडा थोड्या कापून सरकवा. एखादी वस्तू खिडकीच्या पुढे येते आणि तरीही डाव्या-उजव्या कडेने कापली जाते तेव्हा फार त्रास होतो, पुढची वस्तू मागच्या चौकटीने कशी कापली जाईल? मुद्दाम वस्तू बाहेर फेकायच्या मागे लागू नका. दोन मिनिटं आश्चर्य वाटतं, मग डोळे थकतात.

आणि किती मोठं दाखवणार तेही आधी ठरवा. दोन फोटोंमधला फरक रुंदीच्या ३ टक्के असेल तर १४ सेंटिमीटरच्या फोनच्या स्क्रीनवर तो ४ मिलिमीटर, पण १० मीटरच्या पडद्यावर ३० सेंटिमीटर, आणि लांबचे बिंदू डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त फाकले की डोळ्यांना बाहेरच्या बाजूला वळावं लागतं, जे ते कधीच करत नाहीत.

बघण्यासाठी चष्मा लागतोच असं नाही. फोटो शेजारी शेजारी ठेवून डोळे सैल सोडून लांब बघितल्यासारखं करायचं, पण तेव्हा एकच बिंदू दोन फोटोंमध्ये जिथे जिथे दिसतो त्या दोन जागा एकमेकींपासून साडेसहा सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत. किंवा डावा-उजवा अदलाबदल करून डोळे तिरळे करायचे, यात फोटो मोठे चालतात पण दृश्य छोटं वाटतं. अदलाबदल विसरलात तर आत-बाहेर उलटं होतं, आकाश झाडाच्या पुढे येतं. लाल-निळसर चष्म्यात लाल काच डाव्या डोळ्याला, पण भडक लाल फूल असेल तर ते एका डोळ्याला उजळ आणि दुसऱ्याला काळं दिसतं, त्याला सरळ ब्लॅक अँड व्हाइट करून टाका.

काही लोकांना यातलं काहीच दिसत नाही, लहानपणापासूनचा तिरळेपणा किंवा एका डोळ्याची कमजोरी असते. त्यांनी हा विषय आपला नाही असं समजू नये. झाइस या जर्मन लेन्स कंपनीत स्टिरिओ मोजणीची उपकरणं बनवणाऱ्या कार्ल पुल्फ्रिशच्या नावाने एक परिणाम ओळखला जातो, एका डोळ्यासमोर काळी काच धरली की सरळ रेषेत झुलणारा लंबक लंबवर्तुळात फिरताना दिसतो, कारण अंधारलेल्या डोळ्याचा संदेश मेंदूत उशिरा पोचतो. १९२२ मध्ये त्याने याचं स्पष्टीकरण छापलं तेव्हा त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेलेली होती, त्याला स्वतःला तो परिणाम दिसणं शक्य नव्हतं.

अशा मित्रांसाठी पेअरची हलती जिफ बनवा. दोन्ही फोटो आलटून पालटून, सेकंदाच्या दहाव्या भागाने, आणि जुळवताना मधल्या अंतरावरची एखादी वस्तू अचूक एकावर एक ठेवा, म्हणजे ती स्थिर राहते आणि पुढचं-मागचं तिच्याभोवती उलटसुलट सरकतं. एका डोळ्यालाही खोली कळते. आणि शक्य असेल तेव्हा दोनच फोटोंवर न थांबता समान अंतराने चार-पाच काढून ठेवा, जिफ मऊ हलते आणि कुठले दोन जोडायचे हे नंतर ठरवता येतं, म्हणजे बेसलाइन घरी बसून बदलता येते.